प्रयागचा स्तंभ आणि तीन सम्राट

गंगा-यमुनांच्या संगमावर अकबरानें १५८३ सालीं जो किल्ला बांधावयास घेतला, त्याच्या आवारांत एक दगडी स्तंभ उभा आहे. उंची सुमारें ३५ फूट. वालुकाश्माचा एकसंध दगड, घोटून गुळगुळीत केलेला. प्रयागास जाणारे मराठी यात्रेकरू त्रिवेणींत स्नान करितात, श्राद्ध उरकितात, क्षेत्रोपाध्यायाच्या वहींत आपल्या घराण्याचीं नांवें शोधितात आणि परततात. स्तंभ पाहून आलेला माणूस मात्र विरळा. किल्ला लष्कराच्या ताब्यांत असल्यामुळें तेथपर्यंत सर्वांस जातां येत नाहीं, हें त्याचें एक कारण; त्यावर काय लिहिलें आहे हें फारसें कोणी सांगत नाहीं, हें दुसरें.

या एका दगडावर हिंदुस्थानच्या तीन सम्राटांनीं आपापलें म्हणणें कोरविलें आहे. पहिला अशोक, दुसरा समुद्रगुप्त आणि तिसरा जहांगीर. पहिल्या आणि तिसऱ्या लेखांत सुमारें साडेअठराशें वर्षांचें अंतर आहे. भाषा तीन, लिप्या तीन. पाषाण मात्र एकच.

इतिहासाच्या पुस्तकांतून 'थोर' हें विशेषण फार स्वस्त झालें आहे. अशोक थोर, अकबर थोर, समुद्रगुप्त म्हणजे हिंदुस्थानचा नेपोलियन — ही उपमा व्हिन्सेंट स्मिथ या इतिहासकाराची — आणि जहांगीर विलासी. चार-चार ओळींत प्रत्येकाचा निकाल लागतो. स्तंभापाशीं गेलें म्हणजे निकाल इतका सोपा राहत नाहीं. तेथें दुसऱ्या कोणी बहाल केलेली पदवी नाहीं. आपल्यामागें लोकांनीं काय वाचावें असें त्या त्या राजाला वाटलें, तें आहे.

अशोकाचा लेख राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यानंतरचा, म्हणजे इ. स. पूर्व २४२ च्या सुमाराचा आहे. त्या वेळीं त्यानें ज्या सहा आज्ञा निरनिराळ्या स्तंभांवर कोरविल्या, त्या सहाहि येथें होत्या. त्यांत अशोकाच्या बापाचें नांव नाहीं, आजाचें नाहीं. स्वतःचें नांवहि 'अशोक' असें नाहीं, देवानांप्रिय प्रियदर्शी राजा एवढेंच. जिंकलेल्या एकाहि देशाचा उल्लेख नाहीं. ज्याच्या आज्ञा अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत सांपडतात, त्या राजानें येथें लिहिलें आहे तें कशाविषयीं? पोपट, मैना, हंस, कांसव, साळिंदर अशीं कोणकोणतीं प्राणिमात्रें मारूं नयेत याविषयीं. जीवजंतु असलेलें भुसकट जाळूं नये, विनाकारण रानास आग लावूं नये याविषयीं. आणि सव्वीस वर्षांत आपण पंचवीस वेळां कैदी सोडले याविषयीं. विजयस्तंभाची अपेक्षा ठेवून आलेला वाचक येथें बुचकळ्यांत पडतो.

या सहांपैकीं चौथी आज्ञा सर्वांत महत्त्वाची. लक्षावधि प्रजेवर नेमलेले जे रज्जुक नांवाचे अधिकारी, त्यांना उद्देशून ती आहे. आपलें मूल हुशार दाईच्या हवालीं करून जसा माणूस निश्चिंत होतो, तशी आपण प्रजा या अधिकाऱ्यांच्या हवालीं केली आहे, असें राजा सांगतो; आणि न्याय व शिक्षा हीं सर्वांस सारखींच असावींत अशी अपेक्षा व्यक्त करितो. पुढें तो म्हणतो कीं, ज्यांना देहान्ताची शिक्षा झाली आहे, अशांना तीन दिवसांची मुदत द्यावी. त्या अवधींत नातलगांनीं त्यांच्या जिवासाठीं रदबदली करावी, नाहींतर त्यांना दानधर्म व उपवास करून परलोकाची तयारी करतां यावी. अशोकानें फांशीची शिक्षा बंद केली नाहीं, ही गोष्ट त्याचे स्तुतिपाठक सहसा सांगत नाहींत. त्यानें फक्त तीन दिवस मिळवून दिले. परंतु वधस्तंभाकडे निघालेल्या माणसाला तीन दिवस म्हणजे किती, हें ज्यानें मनांत आणिलें, असे राजे इतिहासांत फार नाहींत.

कलिंगाच्या लढाईची कबुली प्रयागच्या स्तंभावर नाहीं. ती गिरनार, शाहबाजगढी वगैरे ठिकाणच्या शिलालेखांत, चौदांपैकीं तेराव्या आज्ञेंत आहे. एक लक्ष माणसें मारलीं गेलीं, दीड लक्ष देशोधडीस लागलीं आणि त्याच्या कितीतरी पट मागाहून मेलीं, असा आंकडा तेथें स्वतः जेत्यानें दिला आहे. खुद्द कलिंगांत, म्हणजे ओरिसांतील धौली आणि जौगड येथें, मात्र ही आज्ञा गाळून तिच्या जागीं अधिकाऱ्यांस प्रजेशीं ममतेनें वागण्याविषयीं दोन निराळ्या आज्ञा कोरल्या आहेत. ज्यांचीं माणसें मेलीं, त्यांच्यापुढें मृतांची संख्या वाचून दाखविणें अशोकास प्रशस्त वाटलें नसावें. किंवा राजनीतीच्या दृष्टीनें तें शहाणपणाचें नव्हतें. दोन्ही कारणें एकाच माणसाच्या मनांत असूं शकतात. या शिलालेखांचा महाराष्ट्राशींहि संबंध आहे. वसईजवळच्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ सालीं आठव्या आज्ञेचा एक तुकडा मिळाला आणि १९५६ सालीं नवव्या आज्ञेचा मिळाला. प्राचीन शूर्पारक बंदरीं एके काळीं चौदाहि आज्ञा कोरलेल्या असाव्यात, असा तर्क त्यावरून करितात.

प्रयागच्या स्तंभावर सहा आज्ञांखेरीज अशोकाचे आणखी दोन लहान लेख आहेत. एक कौशांबीच्या महामात्रांना. संघांत फूट पाडणाऱ्या भिक्षूस पांढरीं वस्त्रें देऊन विहाराबाहेर काढावें, असा हुकूम. या लेखावरून हा स्तंभ मूळचा कौशांबीचा असावा, असें बहुतेक विद्वान मानतात. तो पहिल्यापासूनच प्रयागास होता, असें म्हणणारेहि आहेत. दुसरा लेख राणीसंबंधीं आहे. दुसऱ्या राणीनें आमराई, बाग, अन्नछत्र असें जें कांहीं दान केलें असेल, तें तिच्याच नांवें मांडावें. तिवराची आई कारुवाकी हिचें तें दान आहे असें समजावें, असा त्याचा आशय. सम्राटाच्या आज्ञांखालीं घरांतल्या जमाखर्चाची ही एक नोंद! अशोकाच्या साऱ्या लेखांत नांवानें उल्लेखिलेली राणी हीच एक आणि नांवानें उल्लेखिलेला मुलगाहि हाच एक. पुढें या तिवराचें काय झालें, तें एकहि ग्रंथ सांगत नाहीं.

अशोकानंतर सुमारें सहाशें वर्षांनीं याच स्तंभावर, त्याच्या आज्ञांच्या खालीं, समुद्रगुप्ताची प्रशस्ति कोरली गेली. ती राजानें स्वतः लिहिलेली नाहीं. तिचा कर्ता हरिषेण हा कवि तर होताच. शिवाय सांधिविग्रहिक, कुमारामात्य आणि महादंडनायक अशीं तीन मोठीं पदें त्याच्याकडे होतीं. लेखाच्या तेहतीस ओळी आहेत. आरंभीं श्लोक, पुढें लांबच लांब समासांचें गद्य, पुन्हां एक श्लोक. आणि व्याकरणाच्या दृष्टीनें सगळा लेख मिळून वाक्य एकच. संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा दम त्यांत उखडतो. इतक्या विस्तारांत शक किंवा संवत् मात्र कोठेंहि नाहीं. समुद्रगुप्ताची कारकीर्द इ. स. ३३५ ते ३७५ च्या सुमाराची धरितात, ती इतर साधनांवरून.

या प्रशस्तींत एक प्रसंग फार हृद्य आहे. म्हातारा पहिला चंद्रगुप्त भर दरबारांत या मुलाला आलिंगन देतो. अंगावर रोमांच उभे राहिले आहेत, डोळे पाण्यानें भरले आहेत. तूंच लायक आहेस, या साऱ्या पृथ्वीचें पालन कर, असें तो म्हणतो. दरबारी मंडळी सुटकेचा निःश्वास टाकितात आणि बरोबरीच्या कुळांत जन्मलेल्या भाऊबंदांचे चेहरे काळवंडतात. स्तुतिकाव्यांत त्या काळवंडलेल्या चेहऱ्यांना जागा द्यावयाची कांहीं गरज नव्हती. हरिषेणानें ती दिली, आणि त्या एका शब्दचित्रावरून समजतें कीं ही निवड सर्वांस गोड लागली नव्हती. पहिल्या चंद्रगुप्ताच्या घरांत वारसा हा जन्मानें ठरलेला प्रश्न नव्हता.

मग दिग्विजय. आर्यावर्तांतील रुद्रदेव, नागदत्त, गणपतिनाग, अच्युत वगैरे नऊ राजे समुद्रगुप्तानें समूळ उखडून टाकिले. दक्षिणापथांतील बारा राजे मात्र त्यानें पकडले आणि कृपा करून सोडून दिले. कोसलचा महेंद्र, महाकांताराचा व्याघ्रराज, पिष्टपूरचा महेंद्रगिरि, वेंगीचा हस्तिवर्मा, कांचीचा विष्णुगोप हे त्यांतले. जवळचें राज्य गिळावें, दूरचें नमवून परत द्यावें, हा त्यामागचा व्यवहार. पाटलिपुत्राहून कांचीचा कारभार हांकतां येत नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. कालिदासाच्या रघुवंशांतला रघूहि महेंद्र पर्वताच्या राजाला धरून सोडतो. त्याची संपत्ति घेतो, भूमि घेत नाहीं. त्या काळच्या लोकांना ही रीत परिचयाची होती, असें त्यावरून दिसतें.

या बारा नांवांत महाराष्ट्राचें नांव आहे कीं नाहीं, यावर एके काळीं बरीच शाई खर्च झाली. एरंडपल्ल म्हणजे खानदेशांतील एरंडोल आणि देवराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र, असें फ्लीट व स्मिथ यांनीं धरिलें. त्यामुळें समुद्रगुप्त पूर्व किनाऱ्यानें कांचीपर्यंत उतरला आणि महाराष्ट्र-खानदेश तुडवीत परत गेला, असें चित्र उभें राहिलें. १९२० सालीं जूव्हो-दुब्रय या फ्रेंच संशोधकानें हीं दोन्ही ठिकाणें पूर्व किनाऱ्याकडेच असल्याचें दाखवून दिलें. देवराष्ट्र हा विशाखापट्टणाकडील मुलूख ठरला. नांवांतील नुसत्या सारखेपणावर एक अख्खी स्वारी रचली गेली होती, ती मोडली. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर विदर्भांत त्या काळीं वाकाटकांचें बळकट राज्य होतें, आणि हरिषेणानें त्या घराण्याचें नांवहि घेतलेलें नाहीं.

वाकाटकांशीं गुप्तांचा संबंध आला तो पुढें, आणि तलवारीनें नव्हे. समुद्रगुप्ताची नात प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली. ती लवकर विधवा झाली आणि लहान मुलांच्या नांवानें तिनें विदर्भाचा कारभार पाहिला. नागपुराजवळच्या रामटेकनजीक जें नंदिवर्धन, तेथून तिनें दिलेला एक ताम्रपट पुण्यास मिळाला. त्यांत आरंभीं वंशावळ दिली आहे, पण सासरची नव्हे, माहेरची. गोत्रहि तिनें माहेरचेंच लाविलें आहे. आजोबांना ती अनेक अश्वमेध करणारा म्हणते. समुद्रगुप्तानें अश्वमेधाचीं नाणीं पाडलीं हें खरें. पण हरिषेणाच्या लेखांत अश्वमेधाचें नांवसुद्धां नाहीं. आजोबांचा मोठेपणा नातवंडांच्या तोंडीं वाढत जातो, हा अनुभव राजघराण्यांपुरता नाहीं.

समुद्रगुप्त केवळ लढवय्या नव्हता. तो कवि होता, गाणारा-वाजविणारा होता. त्याच्या एका नाण्यावर तो मांडीवर वीणा घेऊन बसला आहे. दीन, अनाथ, आतुर यांच्या उद्धाराकडे त्याचें मन असे आणि जिंकलेल्या राजांचें धन परत करण्यांत त्याचे अधिकारी गुंतलेले असत, असेंहि हरिषेण सांगतो. तरीपण एक फरक डोळ्यांआड करतां येत नाहीं. हरिषेण राजाच्या अंगावरील जखमा मोजतो. परशु, बाण, भाला, तलवार अशीं एकेका शस्त्राचीं नांवें घेऊन, त्यांच्या शेंकडों वणांनीं त्याचा देह अधिकच शोभतो, असें म्हणतो. उखडून टाकलेल्या नऊ राज्यांत माणसें किती मेलीं, त्याचा हिशेब त्याला मांडावासा वाटला नाहीं. ज्या राजानें दुसऱ्यांचे मृत मोजले होते, त्याच्याच दगडावर ही प्रशस्ति आहे.

यानंतर शतकें लोटलीं आणि अशोकाची लिपि लोक पार विसरले. चौदाव्या शतकांत फिरोजशहा तुघलखानें अशोकाचे असेच दोन स्तंभ, एक टोपऱ्याहून आणि एक मीरतेहून, दिल्लीस नेले. टोपऱ्याच्या स्तंभाची हकीकत शम्स सिराज अफीफ यानें लिहून ठेविली आहे. सांवरीच्या कापसाच्या गाद्या रचून त्यांवर तो अलगद आडवा केला, बोरू आणि कच्चीं कातडीं गुंडाळलीं, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून यमुनेपर्यंत ओढला आणि नावांवरून दिल्लीस आणिला. मग ब्राह्मणांस बोलावून त्यावर काय आहे तें वाचावयास सांगितलें. एकालाहि तें वाचतां आलें नाहीं. प्रयागच्या स्तंभावर पुढें यात्रेकरूंनीं आपापलीं नांवें खरडलीं. त्यांत संवत् १६३२ च्या माघांतील एक नोंद अकबराच्या बिरबलाची आहे. किल्ल्याचा पाया पडण्यापूर्वीं स्तंभ प्रयागास होता, हें तिच्यावरून दिसतें.

आणि १६०५ सालीं जहांगीराच्या हुकमानें मीर अब्दुल्ला मुश्कीन-कलम या नामांकित सुलेखनकारानें स्तंभाभोंवतीं फारसी अक्षरांचे पट्टे कोरले. अशोकाच्या तिसऱ्या आणि चौथ्या आज्ञेचा बहुतेक भाग त्यांखालीं कायमचा नाहींसा झाला. मरणाऱ्याला तीन दिवस देणारी जी आज्ञा, तीच नेमकी कापली गेली. सुदैवानें ती दिल्लीच्या आणि बिहारांतील स्तंभांवर शाबूत होती, म्हणून आज वाचतां येते. यासाठीं जहांगीराला दोष देणें हा अन्याय होईल. त्याच्या दृष्टीला तीं अक्षरें म्हणजे कोण्या अज्ञात काळच्या रेघा होत्या. त्या रेघांना वाचा फुटली ती १८३७ सालीं. कलकत्त्याच्या टांकसाळींतील जेम्स प्रिन्सेप यानें सांचीच्या लहान लहान लेखांवरून त्यांतलीं शेवटचीं दोन अक्षरें 'दानं' अशीं ओळखलीं आणि त्या किल्लीनें सारी लिपि उघडली. प्रयागच्या स्तंभाची १८३४ सालीं केलेली नक्कल त्याच्यापुढें होतीच. प्रियदर्शी राजा म्हणजे अशोक, हें टर्नर यानें सिंहलच्या पाली ग्रंथावरून दाखविलें. प्रत्यक्ष 'अशोक' हें नांव दगडावर सांपडावयास मात्र १९१५ साल आणि मस्कीचा शिलालेख उजाडावा लागला. तें पाहावयास प्रिन्सेप नव्हता; तो १८४० सालीं, चाळिसाव्या वर्षींच वारला होता.

जहांगीरानें स्तंभावर काय लिहविलें? आज्ञा नाहीं, पराक्रम नाहीं, वंशावळ. ईश्वराच्या नामांमध्यें गुंफलेलीं पूर्वजांचीं नांवें: जहांगीर, त्याचा बाप अकबर, त्याचा बाप हुमायून, त्याचा बाबर, आणि असें मागें मागें जात थेट तैमूरपर्यंत. खालीं संगमावर बसलेल्या क्षेत्रोपाध्यायाच्या वहींत आणि या लेखांत तसा फारसा फरक नाहीं. परंतु हा लेख ज्या जागीं आणि ज्या सालीं कोरला, तें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याला निराळा अर्थ येतो. याच किल्ल्यांत शाहजादा सलीम असतांना १६०० सालापासून त्यानें बापाविरुद्ध बंड करून स्वतंत्र दरबार थाटला होता. येथेंच त्यानें १६०२ मध्यें आपल्यासाठीं काळ्या दगडाचें सिंहासन घडविलें. तें आतां आग्र्याच्या किल्ल्यांत आहे. त्याच वर्षीं अकबराचा जिवलग मित्र अबुल फजल याला त्यानें बुंदेल्याकडून वाटेंत मारविलें. अकबर १६०५ च्या आक्टोबरांत वारला आणि ज्या बापाशीं पांच वर्षें वैर केलें, त्याचें नांव मुलानें आपल्या नांवाशेजारीं दगडांत कोरून घेतलें. तें पश्चात्तापानें, कीं हक्काच्या पुराव्यासाठीं? अकबर असतांनाच दरबारांतले कांहीं सरदार सलीमला वगळून त्याचा मुलगा खुस्रो याला गादीवर बसवावें म्हणत होते. ज्याच्या हक्काबद्दल कोणी शंका घेतलेली नाहीं, त्याला आपल्या बापाचें नांव इतक्या ठळक अक्षरांत लिहावें लागत नाहीं.

हा जहांगीर नुसता क्रूर नव्हता. तख्तावर बसतांच त्यानें आग्र्यास साठ घंटांची सोन्याची सांखळी बांधविली. ज्याला न्याय मिळाला नसेल त्यानें ती ओढावी. नाक-कान कापण्याची शिक्षा कोणी देऊं नये, असाहि हुकूम काढिला. परंतु सहा महिन्यांच्या आंत, १६०६ च्या एप्रिलांत, खुस्रोनें बंड केलें, आणि तें मोडल्यावर जहांगीरानें त्याच्या साथीदारांना लाहोरच्या रस्त्याच्या दुतर्फा सुळांवर चढविलें. साखळदंड घातलेल्या खुस्रोला त्या रस्त्यानें हत्तीवरून नेण्यांत आलें. त्या माणसांना तीन दिवसांची मुदत कोणी दिली नाहीं. पुढें दुसऱ्या एका कटानंतर मुलाचे डोळेहि गेले.

खुस्रोची आई, जहांगीराची रजपूत राणी शाह बेगम, हें सर्व पाहावयास जिवंत नव्हती. बाप-लेकांतलें वैर वाढत चाललेलें सहन न होऊन तिनें जहांगीर तख्तावर येण्याच्या आधींच अफू खाऊन प्राण दिला होता. तिच्या दुःखानें आपण चार दिवस अन्नपाणी घेतलें नाहीं, असें जहांगीरानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. तिची कबर प्रयागासच, आजच्या रेल्वे स्टेशनाजवळच्या बागेंत आहे. तिच्यावरील लेख मुश्कीन-कलमाच्या हातचा आहे. स्तंभावर तैमूरपर्यंतचीं नांवें ज्या हातानें लिहिलीं, त्याच हातानें तो लिहिला. १६२२ सालीं बऱ्हाणपुरास भाऊ खुर्रम याच्या कैदेंत असतां खुस्रो मेला. तो घात होता, असें बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच वर्षीं खुर्रमनेंहि बापाविरुद्ध बंड उभारलें. खुस्रोचा देह आधीं बऱ्हाणपुरास पुरला, मग आग्र्यास नेला, आणि शेवटीं प्रयागास आणून त्याच बागेंत आईच्या शेजारीं ठेविला.